हंसांच्या ओळखीची नाव

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तिच्यातल्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही आठवत नसे.

एका मोठ्या तळ्याकाठी एक म्हातारी नावाडीण राहायची. दर हिवाळ्यात तिथे रानहंसांचे थवे उतरायचे. दिवसभर ते हरभऱ्याच्या शेतांत चरायचे आणि दिवस मावळला, की तळ्याच्या मधोमध वाळूच्या बेटावर झोपायला यायचे. एका पायावर उभे, चोच पंखांत. दोघे-चौघे मात्र मान ताठ करून पहारा द्यायचे. काठावर कुत्रं जरी हललं, तरी सगळा थवा आकाशात.

नावाडीण शेवटची खेप आटोपून बेटाजवळूनच परतायची. वल्हं हळू मारायची, खोकला आला तरी दाबायची. अशी कित्येक वर्षं गेली. आता पहारेकरी हंस तिच्याकडे मान वळवून पाहायचे आणि गप्प राहायचे. एकट्या जिवाला तेवढ्यानंही बरं वाटायचं.

राजाला मेजवानीत हंसाचं मांस हवं होतं. त्याचे शिकारी दरवेळी हात हलवत परत यायचे. शेवटी तो स्वतःच म्हातारीच्या दाराशी आला.

"तुझ्या नावेला हंस भीत नाहीत म्हणे. आज माझ्या माणसांना घोंगड्याखाली लपवून ने."

"महाराज, या नावेनं त्यांना कधी दगा दिला नाही, म्हणून ते भीत नाहीत."

"म्हणूनच तर ती हवी. नेलीस तर नवी नाव देईन. नाही म्हणालीस तर हीच सरकारजमा करीन."

म्हातारीनं काठाला बांधलेल्या नावेकडे पाहिलं. नाव गेली तर चूल पेटणार कशी? आणि दुसऱ्या कुणी हीच नाव हाकली, तरी हंस फसणारच. ती वळून झोपडीत गेली. राजाला वाटलं, वल्हं आणायला गेली. ती कुऱ्हाड घेऊन आली.

सगळ्यांच्या देखत तिनं नावेचा तळ फोडला. डोळे भरून आले होते, पण घाव एकही चुकला नाही.

"आता करा जमा," ती म्हणाली.

"हिला कुणी लाकडाची ढलपीसुद्धा देऊ नका," असं फर्मावून राजा एका कोळ्याच्या होडीतून निघाला. होडी बेटाजवळ पोचण्याआधीच हंस उडून गेले. पाहुण्यांनी भोपळ्याची भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्याच कोळ्याच्या बायकोनं आपल्या दाराची फळी उचकटून म्हातारीला दिली. मग सुतारानं दिली, मग कुंभारानं. फर्मान सगळ्यांनी ऐकलं होतं, पण कुऱ्हाडही सगळ्यांनी पाहिली होती.

राजाचा शिपाई आला, तेव्हा गावात एकाही घराला धड दार नव्हतं.

"एवढ्या थंडीत दारं कुठं गेली?"

"वाऱ्यानं नेली," कोळीण म्हणाली.

समोर तळ्यात ठिगळं लावलेली नाव डुलत होती. साऱ्या गावाला कोठडीत घालायचं, तर राजाकडे तेवढ्या कोठड्याही नव्हत्या. शिपाई आला तसा निघून गेला.

त्या संध्याकाळी ती अनोळखी नाव पाहून हंस उडाले. म्हातारीला वाईट वाटलं, राग मात्र आला नाही. ती रोज तशीच हळू वल्हवत राहिली. थंडी सरता सरता एका पहारेकऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तो गप्प राहिला.

तात्पर्य: विश्वास ठेवणाऱ्याला दगा देऊन तरण्यापेक्षा आपली नाव आपल्या हातानं फोडलेली बरी.