पायरीवरचा फोन

"पण माझ्याआधी तुमच्याकडे कोण येऊन गेलं, महाराज?"

कुलदीप थेटेने बसता बसताच विचारलं. नमस्कार राहूनच गेला. आल्या आल्या त्याने मठातल्या बोर्डाला चार्जर लावला होता आणि लांबलचक वायर ओढत फोन दाराबाहेरच्या दगडी पायरीवर नेऊन ठेवला होता.

सोमगिरी महाराज शेंगा सोलत होते.

"या उन्हात कोण येणार? मांजर येऊन गेलं."

कुलदीपला ते काही पटलं नाही. तो ऊर्वा फोनच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. कुणी ऊर्वाची तक्रार केली की मंडळाचा पहिला प्रश्न ठरलेला, 'तुला पाठवलं कुणी?' ही सवय अंगात इतकी मुरली होती, की भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या मोबाइलवाल्याचं आहे तेही पठ्ठ्याने वाचून घेतलं. खतांच्या दुकानाचं निघालं.

तरी काय सांगावं...

"बोल," महाराज म्हणाले.

त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. "यावर रघुदादाची सही हवी. माझं तो ऐकत नाही. तुमचा शब्द मोडणार नाही."

रघुदादा त्याचा सख्खा मोठा भाऊ. मठाच्या भजनात पखवाज वाजवायचा. महिन्यापूर्वी दुपारी जेवून जरा आडवा झाला होता, ऊर्वा उशाशी चार्जिंगला. फोनने पेट घेतला, गादी जळाली, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तेव्हापासून पखवाज मठाच्या कोपऱ्यात खोळ घालून पडून होता.

"काय लिहिलंयस?"

"चार्जर बाहेरचा होता. स्वस्तातला."

"होता?"

कुलदीप एक टरफल बोटांत फिरवत राहिला. फोन आणि चार्जर त्यानेच दादाला वाढदिवसाला दिले होते, कंपनीच्या खोक्यातून स्वतःच्या हाताने काढून.

"महाराज, पुढच्या आठवड्यात नवा ऊर्वा येतोय. कंपनीचे मालक विहंग सर स्वतः बोलणार आहेत. नेमकं आत्ताच हे सगळं बाहेर कसं येतं? त्यांच्याविरुद्ध कारस्थान चाललंय. असा माणूस लोकांच्या जिवाशी खेळेल?"

"भेटलायस त्यांना?"

"लांबून पाहिलंय. एकदा हात हलवला होता त्यांनी."

"तुला?"

"...आमच्या बाजूला."

महाराजांनी दोन दाणे तोंडात टाकले.

"आणि रघूला भेटलास?"

"गेलो होतो. कागद पाहिला आणि त्याने तोंड फिरवलं. वहिनीने दार लावून घेतलं." भावाची आठवण त्याला खात होती, पण आता त्या आठवणीचाही त्याला संशय येऊ लागला होता. "त्यालाही कुणीतरी फितवलंय, महाराज. दादा असा नव्हता."

महाराजांनी दाराकडे पाहिलं.

"बोर्ड माझ्या उशाशी आहे. फोन एवढा बाहेर नेऊन का ठेवलास?"

"सवय."

"वायर बरीच लांब आहे."

"मुद्दाम घेतली."

"कधी?"

"महिना..." कुलदीप बोलता बोलता थांबला.

बाहेर पायरीवर फोन दोनदा वाजला. मंडळातलं कुणीतरी असावं.

"असं कर," महाराज म्हणाले. "फोन आत आण. चार्जिंग चालू राहू दे आणि माझ्या गादीवर ठेव. तासभर तूही शेजारी पड. उठलास की मी स्वतः रघूकडे येतो आणि सही मिळवून देतो."

यात काहीतरी डाव आहे, असं कुलदीपला वाटलं. पण डाव कुठे आहे ते सापडेना, आणि सही तर हवीच होती. तो उठला. फोन हातात घेतला. कोमट लागला, रोजच्यासारखाच.

तो गादीपाशी आला. वाकला.

"ठेव की."

हात गादीच्या वीतभर वर थांबला. कुलदीपने छताकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या खोळीकडे पाहिलं.

"महाराज... ही गादी कापसाची आहे."

महाराज पुन्हा शेंगांकडे वळले.

"रघूचीही कापसाचीच होती."