टिटवीचा रोजचा प्रश्न

बालमित्रांनो, टिटवी ओरडली की मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात, हे तुम्ही पाहिले असेल. बिचारीने त्यांचे काय घोडे मारले आहे, कोण जाणे! सागाच्या एका जंगलातही टिटवीची अशीच गत होती. रोज सकाळी ती ओढ्याच्या काठाकाठाने उगमापासून खालपर्यंत फिरे आणि भेटेल त्याला विचारी, "काल पाणी कुठलं प्यायलात? पोट बरं आहे ना? पिल्लं खेळतायत ना?" ज्याची चाल जरा मंद दिसे, त्याच्याकडे ती आधी जाई, आणि पुढे तोच आजारी पडे. मग काय, जंगलाने ठरवूनच टाकले की टिटवी विचारते म्हणून आजार येतो!

ओढ्याच्या खालच्या वळणावर, जांभळीच्या झाडाखाली एक हरिणी राहत असे. तिला एकुलते एक पाडस होते आणि त्याला ती डोळ्यांत तेल घालून जपत असे. त्या साली उन्हाळ्यात पाडसाचे पोट बिघडले. मग त्याच्या अंगावरचे केस झडू लागले. हरिणी धावत कोल्ह्याकडे गेली, कारण त्या जंगलात औषधपाणी तोच सांगे.

कोल्ह्याने डोळे मिटून मान डोलावली. "दृष्ट लागलीय बाळाला. निंबाचा डहाळा तीनदा ओवाळून टाक आणि ओंजळभर पिकली करवंदं माझ्या गुहेपाशी ठेव. पण एक ध्यानात ठेव, ही गोष्ट कुणाजवळ बोललीस तर दृष्ट दुपटीनं वाढेल. त्या टिटवीजवळ तर अवाक्षर काढू नकोस!"

दुसऱ्या दिवशी टिटवी आली, तेव्हा हरिणीने पाडसाला जाळीआड दडवले. "माझं बाळ चांगलं ठणठणीत आहे," ती फणकाऱ्याने म्हणाली, "आणि तू या वाटेला पुन्हा फिरकू नकोस." टिटवी पुढच्या बिळाकडे वळली. हरिणीने मनोभावे डहाळा ओवाळला, करवंदे नेऊन ठेवली. करवंदे संपत होती, कोल्हा गुटगुटीत होत होता, आणि पाडस मात्र दिवसेंदिवस खंगत चालले होते.

एका सकाळी पाडसाला उभेच राहता येईना. पुढचे पाय टेकून ते उठू पाहे आणि पुन्हा कोसळे. हरिणी वेड्यासारखी निंबाचा डहाळा आणायला पळाली. करवंदीच्या जाळीमागे तिला कुणाची तरी चाहूल लागली. पाहते तर रानडुकरीण! तोंडात निंबाचा डहाळा धरून ती आपल्या निपचित पडलेल्या पिल्लावरून ओवाळत होती.

हरिणी जाळी ओलांडून पुढे झाली.

"तुझंही?" हरिणीने विचारले.

डुकरिणीच्या तोंडातला डहाळा गळून पडला. "कोल्होबा म्हणाले, बोलायचं नाही. मला वाटलं, माझ्याच नशिबी आलंय हे." आणि ती ढसाढसा रडू लागली. ते रडणे ऐकून शेजारच्या बिळातून सशीण बाहेर आली. तिचीही दोन पिल्ले आत पडून होती.

हरिणीला आपल्या फणकाऱ्याची लाज वाटली. पण लाज धरून बसायला वेळ नव्हता. ती ओढ्याकाठी गेली आणि तिने कळवळून हाक मारली, "टिटवीताई, ये गं! मी खोटं बोलले. माझं बाळ जातंय हातचं!"

टिटवी आली. "तुम्ही सगळ्या पाणी कुठलं पिता?" तिने आपला नेहमीचाच प्रश्न विचारला.

"जांभळीखालचं," तिघीही म्हणाल्या.

"वर खडकातल्या डोहावर वानरं पितात. त्यांच्यात कुणीही आजारी नाही, हे मला ठाऊक होतं," टिटवी म्हणाली. "पण खाली विचारावं, तर जो तो ठणठणीत! मग मला कळावं तरी कसं? आणि खरं सांगू? यंदा खालच्या काठावरच्या माझ्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. तुम्ही अपशकुनी म्हणाल म्हणून मीही बोलले नाही."

त्या चौघी डोह आणि जांभळीच्या मधला काठ शोधत निघाल्या. जंगलाबाहेर माणसांनी कापड रंगवायचा कारखाना काढला होता. त्याचा नाला झुडपांतून गुपचूप ओढ्याला मिळत होता. जांभळीपर्यंत येता येता पाणी नितळ दिसू लागे, म्हणून कुणाला कधी शंकाही आली नव्हती.

त्या दिवसापासून सगळ्यांनी वरच्या डोहाचे पाणी प्यायला सुरुवात केली. वानरांनी थोडी कुरकुर केली, पण मग सरकून जागा दिली. डुकरिणीचे पिल्लू वाचले नाही. हरिणीचे पाडस आणि सशिणीची पिल्ले हळूहळू उभी राहिली, मग चालू लागली. करवंदे मिळेनाशी झाल्यावर कोल्ह्याने मुकाट्याने दुसरे जंगल गाठले. टिटवी मात्र अजून रोज विचारत फिरते, कारण आजचे चांगले पाणी उद्याही चांगलेच असेल असे नाही. आता तिने विचारण्याआधीच हरिणी सांगते, "टिटवीताई, आज बाळ दोनदा शिंकलं बरं का!"

तो ओढा जंगलातून पुढे एका गावाला जातो. गावातही घरोघरी कुणी ना कुणी पोट धरून बसलेले असते आणि दार लावून घेते. टिटवी रोज संध्याकाळी गावावरून ओरडत जाते. मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात.

तात्पर्य : लपवलेले दुखणे एकाच घराचे राहते; सगळ्यांनी मिळून सांगितले, तरच हवापाण्यात कालवलेले विष सापडते.