दृष्टीचं भोक

फार फार पूर्वी, सूर्य अजून डोंगरमाथ्याला टेकून असायचा तेव्हा, एका गावात एक तांबट राहायचा. हात असा सफाईदार, की त्याने दोन पत्रे जोडले तर सांधा शोधूनही सापडू नये. त्या गावच्या तांबटांची एक रीत होती. भांडं कितीही देखणं होवो, काठाखाली एक बारीकसं भोक मोकळं सोडायचं. भांड्याला दृष्ट लागू नये म्हणून. त्याला म्हणायचे दृष्टीचं भोक.

एक दिवस राजाच्या डोक्यात खूळ शिरलं. "एवढा उजेड नुसता सांडतोय! रानात काय, दगडांवर काय! सूर्याभोवती तांब्याचा बंद हंडा घडवा. खाली तोटी लावू आणि लागेल तेवढाच उजेड काढू."

अशा हंड्याच्या गोष्टी गावात सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. गोष्टीत तो आयता तयार असायचा, एवढं तांबं आणलं कुठून ते कुणी सांगत नसे. इथे मात्र शेजारचा अख्खा डोंगर खरवडून संपला. मग घराघरातली घंगाळं गेली, देवघरातली पळीसुद्धा गेली.

ओली गोणपाटं गुंडाळून तांबट शिडीवर चढायचा. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. मूल झालं की आधी त्याला ऊन दाखवायचं, मगच नाव ठेवायचं, ही तिथली आणखी एक रीत.

शेवटी काठाखालचं ते दृष्टीचं भोक तेवढं उरलं, तेव्हा बायको शिडीखाली येऊन उभी राहिली. "अहो, तेवढं एक राहू द्या हो. बाळाला ऊन दाखवायचंय."

तांबटाचा हात थबकला. तेवढ्यात राजा म्हणाला, "एक किरण जरी निसटला, तरी तुझं काम कच्चं, बरं का!"

कच्चं! झालं, हा शब्द त्याला झोंबला. "अगं, तोटीतून ओंजळभर घेऊ की!" असं म्हणत त्याने खीळ ठोकली आणि वरून घासून गुळगुळीत केली.

राजाने तोटी फिरवली. येतंय काय, कपाळ! आतल्या धगीने ती केव्हाच वितळून चिकटली होती. हंड्याची ऊब तेवढी खाली यायची, उजेडाचा थेंब नाही. राजा दिवट्या घेऊन महालात निघून गेला.

मुलगी झाली, ती अंधारातच. नाव ठेवायचं राहून गेलं.

तांबट पुन्हा शिडी चढला, ते भोक शोधायला. चाचपून चाचपून बोटं भाजली. पण काम इतकं सफाईदार झालं होतं, की ते त्याचं त्यालाच सापडेना. नवं पाडावं, तर एवढ्या जाड पत्र्यावर छिन्नी चालेना. रोज चढायचा आणि रोज तसाच उतरायचा.

पोर मोठी झाली. एकदा तिने शिडीखालून विचारलं, "बाबा, आईला नाव आहे, तुम्हाला नाव आहे. मला नुसतं 'पोरी' का म्हणता हो?"

तिचं नाव त्याने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. ते ओठांवर आलंसुद्धा. पण पुन्हा रीत मोडायचा त्याला धीर होईना. एकदा मोडली होती ना! तो शिडीवरच बसून ढसाढसा रडला. खाली पोर उत्तराची वाट बघत उभी होती.

तात्पर्य एवढंच: सांडतोय असं वाटणारा उजेडही कुणाच्या तरी अंगणात पडत असतो. आपल्या कसबाच्या तोऱ्यात त्याची वाट बुजवू नये.