नमुना प्रतीचा समास

एकदा एका नगरपालिकेच्या हायस्कुलात जगाचा अभ्यासक्रम येऊ घातला, आणि एका गावाची दोन गावे झाली. आता आपली मुले जगाच्या पंगतीला बसतील, असे एक पक्ष म्हणे. आपली मुले आपल्याच घरात परकी होतील, असे दुसरा म्हणे. चहाच्या टपरीवर, केस कापणाऱ्याच्या खुर्चीत, लग्नाच्या मांडवात तोच विषय. गंमत अशी, की ज्या पुस्तकावरून भावाभावांत अबोला झाला, ते पुस्तक कोणीच उघडून पाहिले नव्हते. गावात त्याची एकच प्रत होती आणि ती मुख्याध्यापिकेच्या कपाटात कुलपात होती. 'नमुना प्रत. खुणा करू नयेत. परत करणे आवश्यक,' असा जांभळा शिक्का तिच्यावर होता.

मुख्याध्यापिका याच शाळेत शिकलेली. तिला झोंबत होती ती वेगळीच गोष्ट. नव्या अभ्यासक्रमासाठी आठवीच्या मुलांची चाळणी परीक्षा झाली होती. नव्वदांपैकी चौतीस मुले चाळणीतून खाली पडली. त्यांना नदीपलीकडच्या जुन्या अभ्यासक्रमाच्या शाळेत पाठवायचे ठरले होते. ती शाळा सात किलोमीटरवर, आणि या चौतिसांत एकोणीस मुली. सात किलोमीटर मुलीला कोण पाठवतो? त्या घरी बसणार, हे तिला दिसत होते. यादीवर तिची सही व्हायची राहिली होती.

शाळा समितीचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते. माणूस मनाने मोठा, शाळेचे नवे छत त्यांनीच घातलेले. ते म्हणाले, "बाई, छप्पन मुलांचं सोनं होतंय. चौतिसांसाठी ते अडवू नका. सोमवारी सही करून टाका."

बुधवारी ती नमुना प्रत आणि यादी पिशवीत घालून आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी त्या शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला होता. त्यांच्या काळी शाळेत एक रीत होती. आमच्या पिढीला ती सांगायला नको, पण आजच्या वाचकांसाठी सांगतो. मे महिन्यात वरच्या वर्गातली मुले आपली पुस्तके खालच्या वर्गाला देत. पहिल्या पानावर आधीच्या धन्यांची नावे एकाखाली एक लिहिलेली असत. घरी आई कणकेची खळ शिजवून देई आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांचे कव्हर चढे. गुरुजींचा नियम असा, की पुस्तकात मिशा-शिंगे काढणाऱ्याने बाकावर उभे राहायचे. पण जे कळले ते पुढच्यासाठी समासात पेन्सिलीने लिहायचे. त्यामुळे पुस्तक जितके जुने, तितके शहाणे होई. पाचसहा हातांतून आलेल्या पुस्तकासाठी आम्ही भांडत असू, आणि कोरे पुस्तक ज्याच्या वाट्याला येई तो बिचारा रडवेला होई. आता प्रत्येकाला दरवर्षी नवे पुस्तक मिळते. चांगलेच आहे. पण ती जुनी पुस्तके अजून आठवतात.

तर गुरुजींनी पुस्तक हातात घेतले. वास घेतला. यादी चष्म्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचली.

"तुम्ही सभेत बोला, गुरुजी," ती म्हणाली. "हवं तर बाजूनं बोला, नको तर विरुद्ध. लोक तुमचं ऐकतील."

"दोन्ही ठेवून जा," गुरुजी म्हणाले. "रविवारी ये."

रविवारी ती गेली तेव्हा पुस्तक चौरंगावर होते. तिने ते उघडले आणि तिचा चेहरा उतरला. पानापानावर पेन्सिलीच्या ओळी होत्या. दहाबारा तऱ्हांची अक्षरे, कुठे तिरकी, कुठे मुंग्यांसारखी. एका पानावर तेलाचा डाग आणि दुसऱ्यावर बोटाचा ठसासुद्धा.

"गुरुजी, हे काय केलंत?" तिने विचारले. "उद्या ही प्रत परत जायची आहे. मला नोटीस येईल."

"येईल," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आधी वाच तर खरं."

ती नाइलाजाने वाचू लागली. नदीच्या वळणाच्या धड्यात कुठल्याशा परदेशी नदीचे चित्र होते. बाहेरच्या काठाची झीज अधिक का होते, असा प्रश्न खाली विचारला होता. समासात कोणीतरी लिहिले होते, 'तिकडं पाण्याला जोर असतो. आपल्या परीट घाटाकडचा काठ असाच दरसाल ढासळतो. म्हशी त्या बाजूनं उतरत नाहीत.' हिमप्रदेशातल्या लोकरीच्या कपड्यांच्या धड्यात दुसऱ्या हाताने लिहिले होते, 'बर्फाच्या लादीवर भुसा टाकला की ती लवकर विरघळत नाही. लोकरीचं तसंच असेल का?' सरासरीच्या गणितापाशी एका मुलीने लिहिले होते, 'बाजारच्या दिवशी किती वडे तळायचे हे आई असंच ठरवते. तिला सरासरी म्हणतात हे माहीत नव्हतं.'

आणि मध्ये मध्ये, वेगवेगळ्या अक्षरांत, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. 'हे कळलं नाही. कुणाला विचारायचं?' तिने मोजले. अकरा ठिकाणी होते.

"कुणी लिहिलं हे?" तिने विचारले.

"तुझ्या यादीतल्या पोरांनी. चौतिसांना निरोप धाडला, एकवीस आली. चार दिवस या ओसरीवर आळीपाळीनं पुस्तक वाचत होती. मी काही शिकवलं नाही. फक्त पेन्सिली तासून दिल्या."

 मग गुरुजी बोलू लागले.

"मंदा, कुठलंही पुस्तक येतं तेव्हा परकंच असतं. आपलं जुनं पुस्तक तरी कुठं या गावात लिहिलं होतं? त्यात समुद्र होता, बंदर होतं, दीपस्तंभ होता. माझ्या वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हता. तुम्ही पोरांनी समासात लिहून लिहून तो इथं आणलात. हे पुस्तकही तसंच आपलं होईल. त्याची मला भीती नाही. भीती आहे ती यादीची. जे पुस्तकाला आपलंसं करू शकतात, त्यांनाच आपण ते उघडण्याआधी घरी धाडतोय. आणि ज्या अकरा जागी पोरं अडली, तिथं कुणाला विचारायचं, याचं उत्तर ना नव्या पुस्तकात आहे ना जुन्या. ते तुझ्यामाझ्याकडे असतं."

 पुढचे बोलणे त्यांना जड जात होते.

"माझ्या हातून एकदा अशी यादी झाली. अ तुकडीतून सहा पोरं ड तुकडीत टाकली, एका परीक्षेवरून. त्यात एक कुंभाराचा मुलगा होता. मातीत पाणी कुठं मुरतं आणि कुठं वाहून जातं, हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. तो आतून बाहेर आला नाही. त्या यादीवरची सही अजून माझ्या डोळ्यांसमोर येते."

मुख्याध्यापिकेने पुस्तक छातीशी धरले. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. घरी जाऊन तिने ते अकरा प्रश्न एका वहीत उतरवून घेतले.

सोमवारी ती समितीच्या अध्यक्षांच्या दुकानात गेली आणि गादीवर ती प्रत ठेवली. शेठजींनी कापडाचा पोत पाहावा तसे पान दोन बोटांत धरले. म्हशींच्या ओळीशी त्यांचे बोट थांबले.

"कुणी लिहिलं हे?"

"यादीत सतरावं नाव आहे."

शेठजी बराच वेळ पाने उलटत राहिले. मग म्हणाले, "बाई, नियम वरचा आहे. सगळी मुलं घ्या म्हटलं, तर वरचं कार्यालय हा अभ्यासक्रम दुसऱ्या गावाला देईल."

"मग देऊ देत," ती म्हणाली. "मी पत्र लिहिलंय. नवा अभ्यासक्रम हवा, पण सगळ्या नव्वद मुलांसह. नाहीतर नको. यादीवर माझी सही होणार नाही."

शेठजींनी पत्र वाचले. पेन मागितले आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. पत्र आणि नमुना प्रत त्याच दिवशी रवाना झाली.

गावातले दोन्ही पक्ष तिच्यावर नाराज झाले. एकांना वाटले तिने संधी घालवली, दुसऱ्यांना वाटले तिने परक्यांना दार उघडले. 

तीन आठवड्यांनी वरच्या कार्यालयातून कागद आला. मुलांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. नमुना प्रत खराब कशी झाली, याचा खुलासा सात दिवसांत मागितला होता. तिने एका ओळीत खुलासा लिहून पाठवला, 'सदर प्रत विद्यार्थ्यांनी वाचली.'

अभ्यासक्रमाचा निर्णय अद्याप आलेला नाही. आठवीच्या वर्गात नव्वद मुले बसतात. रोज शेवटच्या तासाला मुख्याध्यापिका ती वही घेऊन वर्गावर जाते. अकरापैकी सात प्रश्न सुटले आहेत.