शोकेसमधली बाटली

आमच्या घरात एक नियम होता: वाइनबद्दल आबाकाका सांगतील त्यावर शंका काढायची नाही. का, तर ते एकदा फ्रान्सला जाऊन आले होते. तिथून आणलेली बाटली त्यांनी दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, थेट दिव्याखाली, वर्षानुवर्षं उभी ठेवली होती.

मी मात्र दिंडोरीकडच्या छोट्या वायनरी पालथ्या घालायचे. एका वायनरीत आमच्याच मळ्यातल्या द्राक्षांची वाइन करून घेतली. पिकल्या जांभळासारखा वास, जिभेवर हलकासा तुरटपणा. ताईच्या साखरपुड्याला तीच द्यायची, असा माझा हट्ट होता.

"गावठी वाइन पाहुण्यांपुढे?" आदल्या दिवशी जेवताना काका हसले. "आधी खरी चव ओळखायला शीक." आणि त्यांनी शोकेसमधली बाटली उघडून सगळ्यांना ओतली.

मी घोट घेतला. दिव्याच्या उकाड्यात बूच सुकून, हवा शिरून तिचं चक्क व्हिनेगर झालं होतं. आत्याने डोळे मिटून घोट गिळला आणि ती म्हणाली, "वा, काय चव आहे."

"कळलं?" काका माझ्याकडे वळले. "आता बोल, पाहुण्यांना कोणती द्यायची?"

मी माझा पेला कांद्याच्या कोशिंबिरीत ओतला, ढवळून चाखला. फक्कड झाली होती.

"पाहुण्यांना माझी. ही तुम्हाला एवढी आवडलीय, तर आणखी एकेक पेला भरते."

आत्याने पटकन पेल्यावर हात ठेवला. मामांनीही ठेवला. काकांनीसुद्धा.

"ठेव ती परत शोकेसमध्ये," काका पुटपुटले.

"नाही ठेवणार, काका. ती आता स्वयंपाकघरात राहील."

मी माझी बाटली उघडली. पेले एकेक करून पुढे आले.