नदी जुन्या जागी आणा!

मिसिसिपी नदीनं पुरात कूस बदलली आणि लाँगबेंड गावाची झोप उडाली. काल गावापुढून वाहणारी नदी आज गावामागून वाहत होती! मासे धरायला निघालेली माणसं गळ हातात घेऊन चिखलात उभी, आणि पुढं नुसतं साचलेलं पाणी!

ही बातमी ऐकून एकच माणूस खूश झाला. पंचक्रोशीतले सगळ्यात मोठे जमीनदार, कर्नल पिकरेल! त्यांच्या आजोबांच्या सनदेतच होतं : 'व्हरांड्याच्या पायरीपासून नदीपर्यंत सगळी जमीन पिकरेलांची.' नदी गावापलीकडे गेली, म्हणजे गावही त्यांचंच झालं की!

रविवारी चर्च सुटताच कर्नल घोड्यावरून आले आणि गरजले, "चंबूगबाळं आवरा! ही जमीन आता माझी!"

गुलामगिरी उठल्यावर सुटून आलेल्या माणसांनी रान तोडून, दलदल उपसून हे गाव वसवलेलं. तिथल्या मूळच्या चॉक्टॉ आदिवासींची दोन-चार घरं तर त्याच्याही आधीपासूनची. मागाहून एका चिनी गृहस्थानं तिथं किराणा दुकान मांडलेलं. आता जायचं कुठं?

एझ्रा शेतकऱ्याची मुलगी ओडेसा तोंडाची फटकळ. ती पुढं झाली.

"कर्नलसाहेब, आम्ही कुठं हललो? हलली ती नदी! तिला हाकला की!"

लोक फिस्सकन हसले. कर्नल लालबुंद झाले. "असं? मग तूच तिला परत आण! पुढच्या रविवारी माझं जेवण उरकायच्या आत नदी जुन्या जागी दिसली, तर गाव तुमचं. नाहीतर चालते व्हा!"

"खणावं लागेल."

"खण की!"

"तुमच्या जमिनीतही?"

"माझ्या उशाखाली खण! पण नदी जुन्या जागी हवी!"

कर्नल गेले. एझ्रानं कपाळाला हात लावला. "पोरी, नदी म्हणजे काय गाय आहे, दावं बांधून आणायला?"

पण 'जुन्या जागी' हे शब्द ओडेसाच्या डोक्यात घोळत राहिले. जुनी म्हणजे किती जुनी? ती उठली आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून विचारत सुटली. शेवटी चॉक्टॉ वस्तीतल्या टुष्का आजोबांनी चिलीम उचलून एक दिशा दाखवली, आणि ओडेसा मोठमोठ्यानं हसायलाच लागली!

रविवारी कर्नलांकडे पाहुणे जेवायला होते. त्यात जिल्ह्याचे जज्जसाहेबही होते. कर्नल भाजलेली अख्खी टर्की कापणार, तोच दार धाडकन उघडलं. पुढं फावडं घेऊन ओडेसा, मागं अख्खं गाव! वॉन्ग दुकानदारानं दुकानातली सगळी कुदळी-फावडी वाटून टाकली होती.

"जज्जसाहेब, जरा पाय वर घ्या," म्हणत ओडेसानं गालिचा गुंडाळला आणि टेबलाखालून खडूची लांब रेघ ओढली.

"हा काय तमाशा आहे?" कर्नल ओरडले.

"नदी आणतोय, साहेब. जुन्या जागी!"

"जुनी जागा तिकडं, चर्चपुढं!"

"ती तर परवापरवाची! गावातल्या एलायझा मावशीच्या लहानपणी नदी मक्याच्या शेतातून जायची. आणि टुष्का आजोबांच्या पणजोबांच्या वेळी इथून, या टेबलाखालून! तुमच्या परसातलं तळं कोयत्यासारखं वाकडं का आहे? नदीनंच मागं सोडलंय ते!"

"इथला मासा फार गोड लागायचा म्हणे," टर्कीवरची नजर न काढता टुष्का आजोबा म्हणाले.

जज्जसाहेबांनी विचारलं, "पण खणायची परवानगी?"

"दिलीय!" सगळं गाव ओरडलं. "उशाखालीसुद्धा!"

दोघेजण उशी शोधायला जिना चढू लागलेही.

"अरे, माझं घर वाहून जाईल!"

"छे! अर्धंच जाईल," ओडेसा म्हणाली. "पण साहेब, तुमची जमीन व्हरांड्याच्या पायरीपासून नदीपर्यंत ना? मग नदी इथं आली, की तुमची जमीन पायरीपासून या टेबलापर्यंत! टेबलापलीकडचं सगळं दुसऱ्या काठाचं. टर्कीसुद्धा!"

जज्जसाहेबांच्या तोंडातलं पाणी फुर्रकन उडालं. मग कर्नलांच्या मिशा थरथरल्या, पोट गदगदलं, आणि ते खुर्चीत कोसळून खो खो हसायला लागले.

"थांबा! उशी सोडा! नदी आहे तिथं राहू दे!"

"आणि गाव?"

"गावही आहे तिथंच! तुमचंच! जज्जसाहेब, आत्ताच्या आत्ता हद्दीचा दगड रोवा. असा दगड, जो पुरात हलणार नाही!" कर्नलांनी डोळे पुसले. "आणि पोरी, गावापुढं नदीनं जे नवं तळं सोडलंय, ते माशांसकट तुझं! जा, ही टर्कीही घेऊन जा!"

"ती कधीच पलीकडच्या काठाला गेली, साहेब!" ओडेसा म्हणाली.

टुष्का आजोबा तंगडी चाखत होते.