सायाप्पाचे आठ दिवस

फार फार वर्षं झाली. तुमच्या पणज्याच्या पणज्यालाही ही गोष्ट ऐकूनच ठाऊक होती. माणदेशच्या उघड्याबोडक्या माळावर कुरणवाडी नावाचं गाव आहे, तिथे सायाप्पा नावाचा धनगर राहायचा. त्याच्याकडे मेंढरं बेताचीच होती, पण कुत्र्याशी बोलावं तर त्यानंच, असं म्हणतात.

त्याच्या घरी भुंग्या नावाचा कुत्रा होता. बायको बनाई तव्यावरची पहिली भाकरी मोडायची आणि भुंग्याला नावानं हाक मारायची. तो उंबऱ्याबाहेर बसायचा, ‘घे’ म्हटल्याशिवाय तोंड लावायचा नाही. पोर पाळण्यात रडलं की बनाईच्या आधी हाच उठायचा. नवराबायकोचं भांडण झालं तर दोघांच्या मधोमध येऊन आडवा पडायचा आणि मग भांडायचं तरी कसं, म्हणून दोघंही हसायची.

बाकीच्या गावात मात्र कुत्र्यांना एकच शब्द माहीत होता, तो म्हणजे ‘हाड’. उपाशी, दगड खाल्लेली ती कुत्री एका पहाटे पाटलाच्या वाघरात, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, शिरली आणि त्यांनी सात कोकरं फाडली. आबाजी पाटील भडकला. त्यानं कुत्र्यांना घालायला कुचल्याचं विष कुटायला घेतलं आणि गावातलं एकही कुत्रं ठेवायचं नाही, भुंग्यासुद्धा नाही, असं सांगून टाकलं.

 सायाप्पा पागोटं हातात घेऊन चावडीवर गेला.

“पाटील, कुत्री वंगाळ न्हाईत. आपुन त्यांस्नी कवा हाक मारलीया? मला आठ दिस द्या.”

“दिलं,” पाटील म्हणाला. “नवव्या दिशी चिंचंखाली कुचल्याच्या भाकऱ्या मांडतो. थांबंल ते जगंल.”

सायाप्पा दारोदार फिरला. प्रत्येक घराला त्यानं कुत्र्याला नाव द्यायला लावलं. काठी बाजूला ठेवायला लावली. शब्द दोनच ठेवले, ‘थांब’ आणि ‘ये’. कुत्री दोन दिवसांत शिकली हो, माणसंच शिकेनात! सासू म्हणे ‘बस’, सून म्हणे ‘गप’, म्हातारा म्हणे ‘ए मुडद्या’. कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं? सायाप्पा घसा फोडून सांगायचा, “समद्या घरानं एकच शबुद म्हना. अन् हाक घरच्यानंच मारायची, मी न्हाई.”

हळूहळू गंमत झाली. कुत्र्याचा धडा सांजेला असे, म्हणून पारावर रेंगाळणारे बाप्ये वेळेवर घरी येऊ लागले. सासवा-सुनांचं एका शब्दावर तरी एकमत झालं. घराघरांतून हसणं ऐकू यायला लागलं आणि सायाप्पाला वाटलं, हे आठ दिवस सरूच नयेत.

पाटलानं मात्र आपल्या कुत्र्याला काही शिकवू दिलं नाही. ते लंगडं, पिवळं कुत्रं लांब बसून दुसऱ्यांचे धडे बघत राही.

नववा दिवस उजाडला. चिंचेखाली भाकऱ्या मांडल्या, वर तूप सोडलं. आदल्या दिवसापासून उपाशी असलेली एकवीस कुत्री रांगेत बसली. सायाप्पानं हात वर केला आणि ‘थांब’ म्हटलं. तो त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द. आठ दिवस ओरडून फाटलेला त्याचा गळा तिथेच मिटला, असं म्हणतात.

ऊन चढलं. कुत्र्यांच्या तोंडून लाळ गळत होती, पण एकही मान खाली गेली नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा घरच्यांनी एकेक हाक मारली. पहिली हाक बनाईची, भुंग्याला. मग एकेक कुत्रं भाकरी ओलांडून आपल्या माणसाकडे धावलं. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या.

आणि मग सगळ्यांना दिसलं, रांगेच्या टोकाला अजून एक कुत्रं बसलंय. पाटलाचं पिवळं. कुणी न शिकवता ते येऊन थांबलं होतं. त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं.

सायाप्पानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो धावला असता, तर कुत्रं बिचकून भाकरी उचलून पळालं असतं.  कुत्र्यानं पाटलाकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं आणि ते मान खाली घालायला लागलं.

पाटलाला त्याचं नाव माहीत नव्हतं, कारण ते ठेवलंच नव्हतं. त्याला कुत्र्याशी बोलायचा एकच शब्द येत होता आणि तो आज चालणार नव्हता. तो गुडघ्यावर बसला, त्यानं दोन्ही हात पसरले.

“ये,” तो म्हणाला. “ये रं माझ्या लेकरा.”

पिवळं कुत्रं लंगडत आलं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं. पाटलानं स्वतःच्या हातांनी कुचला पुरला. सायाप्पाचा आवाज पुन्हा आला नाही. पुढे तो नुसत्या हाताच्या खुणेनं शिकवायचा आणि माळावरचे लांडगेसुद्धा त्याची खूण पाहून थबकायचे, असं म्हणतात.

अजूनही कुरणवाडीच्या शिवेत कुत्र्याला कुणी ‘हाड’ म्हणत नाही. वर्षातून एकदा सगळं गाव पहिली भाकरी घेऊन चिंचेखाली जमतं. गावातलं सर्वांत वयस्कर माणूस न बोलता हात वर करतं आणि कुत्री थांबतात. मग घराघरांतून हाका येतात. सगळ्यांत शेवटी पाटलाच्या घरचं माणूस चपला काढून मातीत गुडघे टेकतं. त्या घरात तेव्हापासून जेवढी कुत्री झाली, त्या सगळ्यांचं नाव एकच आहे, लेकरू.